टायरच्या पोटातला काटा

मोटारसायकलींना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. नर्स शेवंताबाईंच्या गाडीचं मागचं चाक रोज सकाळी बसलेलं असायचं. ट्यूबला ठिगळ लावून झालं, तरी तेच.

"आज बघते, नाहीतर ही ट्यूब टाकूनच देते," बाई म्हणाल्या. "बाळंतिणीकडे काय गाडी ढकलत जाऊ?"

ट्यूब घाबरली. टायर ऐटीत म्हणाला, "तू आहेसच नाजूक. मी एवढे दगडधोंडे तुडवतो, कधी कुरकुरलो का?"

बाईंनी ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. जुन्या ठिगळाच्या अगदी शेजारी बारीक बुडबुडे आले.

"पुन्हा इथंच?" पाण्यानं विचारलं. "ट्यूबबाई, तुम्हाला रोज टोचतंय तरी कोण?"

टायरच्या पोटात बाभळीचा काटा मोडून राहिला होता, हे तिला ठाऊक होतं. पण घरातलं बाहेर सांगू नये, अशी तिची समजूत. या समजुतीपायी किती जणी झिजल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

बाईंनी ट्यूब कचऱ्याकडे नेली, तेव्हा मात्र ती बोलली. "माझं ठिगळ नंतर बघा. आधी टायरमध्ये हात घाला."

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस," टायर गुरगुरला.

"काढली. जीव माझा जात होता."

बाईंनी टायर आतून चाचपला आणि पकडीनं काटा उपसला. टायरनं मोठा सुस्कारा सोडला. "मलाही खुपत होता गं," तो हळूच म्हणाला. "पण टायरनं रडायचं कसं?"

"तोंडानं," ट्यूब म्हणाली.

बाईंनी ट्यूबला नवं ठिगळ लावून चाक जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टणक होतं. बाईंनी किक मारली आणि टायर-ट्यूब दोघं त्यांना घेऊन बाळंतिणीच्या गावाला निघाली.