कुंचलीची जागा

"मी आधी! माझ्या वाफेपुढे कुठला मळ टिकतो?" वाफेचं यंत्र शिट्टी फुंकत ओरडलं.

"गप! धूळ गिळायला मीच लागतो," व्हॅक्यूम घरघरला.

फुलाबाईंचा घरोघरी जाऊन गाड्या आतून साफ करून देण्याचा धंदा नवा होता, तेव्हाचं हे भांडण. त्यांच्या टेम्पोत जागा थोडी आणि ही दोन्ही यंत्रं कोरी, तोऱ्यातली. दोघांचं एकाच गोष्टीवर पटलं: म्हाताऱ्या कुंचलीला, त्या झिजक्या ब्रशला, बाहेर काढायचं. कुंचलीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं राबली, ती काय फेकून द्यायला?

तेवढ्यात गिऱ्हाइकाची गाडी आली. वाफेच्या यंत्राला दम कुठला! त्यानं धुळीनं भरलेल्या गालिच्यावर सरळ वाफ सोडली आणि धुळीचा चिखल झाला. व्हॅक्यूमनं घाईघाईनं तोंड लावलं, तर त्याचा घसाच तुंबला. मग दोघं एकमेकांना बोल लावू लागले.

कुंचलीनं चिखल वाळू दिला, खरवडून मोकळा केला आणि मग खडसावलं, "मेल्यांनो, आधी मी फटीतली धूळ उकरणार, मग ढेरपोट्या, तू ती गिळायची, आणि शिट्टीबाई, तू सगळ्यांत शेवटी फुंकायचं, आता सरका बघू, माझी जागा अडवून बसलात!"