बुधाजीने ओल अडवली

कोकणातल्या एका गावात एक भोळा माणूस राहायचा. आईबापांनी नाव ठेवलं होतं बुधाजी. मनाने निर्मळ, कामाला कधी नाही म्हणायचा नाही. सांगाल ते ऐकायचा आणि एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. सगळी पंचाईत त्या न विसरण्यामुळेच व्हायची.

त्याचं घर जुनं, चिऱ्याचं. माजघराच्या भिंतीला कंबरेपर्यंत ओल. त्या ओलीने त्याची बायको भागीरथी वर्षभर खोकायची. एकदा तिचा थोरला भाऊ जगन्नाथदादा आला, भिंतीला हात लावून बघितला आणि हात धोतराला पुसला.

"बुधाजीराव, मी शिमग्याला परत येतो. भिंत कोरडी दिसली तर ठीक. नाहीतर भागीला माहेरी घेऊन जाईन."

भागीरथीशिवाय बुधाजीला घरातली साखरसुद्धा सापडत नसे. तो तसाच उठला आणि हसनमिस्त्रीला घेऊन आला.

मिस्त्रीने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "गिलावा सुटलाय. जिथे पापुद्रा दिसेल तिथे खरवडा. आत घट्ट लागेपर्यंत थांबू नका."

"नाही थांबत," बुधाजी म्हणाला.

दुपारपर्यंत त्याने थापीने अख्खी भिंत खरवडली. छान खरवडली. मग हात धुवायला स्वयंपाकघरात गेला. तिथे भागीरथीने शेजारच्या बारशासाठी चाळीस चिरोटे करून ठेवले होते. बुधाजीने वाकून बघितलं. पापुद्रेच पापुद्रे! त्याने पुन्हा थापी उचलली. एक चिरोटा खरवडला, दुसरा खरवडला. आत घट्ट काही लागेना. शेवटी परात लागली. ती घट्ट होती. तिथे तो थांबला.

भागीरथी आली आणि मटकन खालीच बसली.

"अहो, काय केलंत हे! खायची वस्तू दिसली तर तिला हात लावू नये. नीट झाकून ठेवावी. वारा लागू देऊ नये!"

"असं होय," बुधाजी म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री उघडी भिंत बघायला आला. चिऱ्यांवर पांढरा क्षार फुटला होता. त्याला गवंडी लोणा म्हणतात.

"बघा," मिस्त्री म्हणाला, "लोण्याने किती खाल्लीय भिंत! आठ दिवसांनी येतो मी."

मिस्त्री गेला. बुधाजी भिंतीपुढे उभा राहून विचार करू लागला. खाल्लीय, म्हणजे खायची वस्तू आहे. त्यात लोणीही लागलंय. त्याने घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, भिंतीवर खिळ्यांनी ठोकल्या, खिडक्या लावल्या आणि फटींत चिंध्या कोंबल्या. भागीरथी खोकत खोकत गोधड्या काढायला सांगत होती, पण बुधाजी म्हणाला, "तूच म्हणालीस ना, वारा लागू द्यायचा नाही?"

आठ दिवसांनी गोधड्या काढल्या तर भिंतीवर अळंबी उगवली होती.

मिस्त्रीने डोक्याला हात लावला. "अहो, ओलं दिसलं की उघडं टाकायचं! दारं-खिडक्या सताड! ऊब द्यायची, वारा द्यायचा!"

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

या वेळी मात्र त्याने नीट केलं. दोन महिने दारं उघडी, खिडक्या उघड्या. भिंत खडखडीत वाळली. मिस्त्रीने नवा चुन्याचा गिलावा केला, तो सावकाश वाळावा म्हणून त्यावर भिजवलेली गोणपाटं टांगली आणि घरी जेवायला गेला.

बुधाजीने गोणपाटाला हात लावला. ओलं! आत गिलाव्याला लावला. तोही ओला! त्याने गोणपाटं ओढून फेकली, भिंतीपुढे दोन शेगड्या पेटवून ठेवल्या आणि सुपाने वारा घालत बसला. घामाघूम झाला, पण थांबला नाही. संध्याकाळी गिलाव्याला तडे गेले आणि अर्धी भिंत त्याच्या मांडीवर आली.

मिस्त्री रागावला नाही. रागावून झालं होतं. त्याने बुधाजीला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"ऐका. ओल वरून येत नाही. ओल पायातून वर चढते. म्हणून आता मी पाया उकरतो आणि पायाला डांबर फासतो. वरून गिलावा. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आणि अजिबात धक्का लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," बुधाजी म्हणाला. "ओल पायातून चढते."

"शाब्बास. आता तुम्ही अंगणात बसा."

बुधाजी अंगणात बसला. त्यामुळे काम उत्तम झालं. पाणी भागीरथीने मारलं. शिमग्यापर्यंत भिंत अशी कोरडी झाली की भागीरथीचा खोकलासुद्धा थांबला.

ठरल्याप्रमाणे जगन्नाथदादा आला. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरताना पाय घसरून गुडघाभर पाण्यात पडला होता. तसाच ओल्या पायांनी माजघरात गेला, भिंतीवरून हात फिरवला आणि हसला.

"वा, बुधाजीराव! जिंकलात. भागी इथेच राहील. मी जेवतो, जरा पडतो आणि चारच्या तरीने... आक्छी!"

"दादा, पाय पूस आधी," भागीरथी म्हणाली. "पायातून ओल चढते अंगात."

बुधाजीने कान टवकारले.

जेवून दादा माजघरात आडवा झाला आणि घोरू लागला. झोपेतही एकदा शिंकला. भागीरथी विहिरीवर गेली होती. बुधाजीने इकडेतिकडे बघितलं. पडवीत डांबराचा उरलेला डबा होता. चुन्याचं घमेलं होतं. माणूस घरचा होता, आणि वेळ कमी होता.

चारच्या सुमारास दादाला जाग आली. त्याने उठायचा प्रयत्न केला, पण पाय उठेनात. खाली बघितलं तर तळव्यापासून गुडघ्यापर्यंत दोन गुळगुळीत, पांढरेशुभ्र खांब.

"बुधाजी! काय केलंस हे?"

"हलू नका दादा, तडे जातील," बुधाजी म्हणाला आणि हातातली पाण्याची बादली त्याच्या पायांवर ओतली. "आता फक्त आठवडाभर."