शेजारचा पाव

“मग बरोबर कोण होतं, ते तुम्हीच सांगा ना बाई!”

मैथिली पोखरकरचा आवाज जरा चढलाच. टेबलावर तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पडलं होतं, तिसऱ्यांदा परत आलेलं.

तिच्या मार्गदर्शक हॅनलीबाई खिडकीबाहेर समुद्राकडे बघत राहिल्या. आयर्लंडमधली मुलं आपल्या प्राध्यापकांना खुशाल नावानं हाक मारत. मैथिलीच्या जिभेला ते कधी जमलं नाही. ती पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणे. त्या शब्दात किती मान आहे हे कळल्यावर म्हातारी इतकी खूश झाली, की मेलच्या खालीही ‘बाई’ अशीच सही करू लागली.

मैथिली काही लेचीपेची शिष्या नव्हती. आयरिश इतिहास, साहित्य आणि राजकारण शिकायला ती नारायणगावहून थेट आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठात आली, तेव्हा घरच्यांना तो देश आधी नकाशात शोधावा लागला होता. तिनं तिथली जुनी भाषा शिकून घेतली, जुन्या कविता तोंडपाठ केल्या आणि तिथल्याच पोरांचे उच्चार सुधारण्यापर्यंत मजल मारली. आपल्याला सगळं येतं, हे तिला माहीत होतं. इतरांनाही ते माहीत असावं, याची ती काळजी घेत असे.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रकरणापाशी.

शंभर वर्षांपूर्वी इंग्रज निघाले, ते एक अर्धामुर्धा करार हातावर ठेवून. उत्तरेचा तुकडा आमच्याकडे राहील, आणि तुम्ही आमच्या राजाशी इमान राखायची शपथ घ्यायची. काही जण म्हणाले, मिळतंय ते पदरात पाडून घेऊ. काही जण म्हणाले, मग आपली माणसं मेली कशासाठी? आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले एकमेकांवर गोळ्या झाडू लागले.

मैथिलीनं आधी सिद्ध केलं, की करार मानणारे बरोबर होते. बाईंनी वर लिहिलं, ‘अपुरं.’

मग तिनं सिद्ध केलं, की न मानणारे बरोबर होते. ‘अपुरं.’

शेवटी वैतागून, दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते, असं लिहून ती मोकळी झाली. त्यावर बाईंनी लिहिलं, ‘हे तर सगळ्यात वाईट.’

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. बाईंची सही नाही तर पदवी नाही. तिकडे वडिलांनी पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन ठेवली होती. मैथिलीला धड झोप लागत नव्हती, घास गिळवत नव्हता.

“बाई...”

बाई उठल्या. खुंटीवरचा कोट काढला.

“चल,” त्या म्हणाल्या. “मयताला जायचंय.”

*

मार्टिन फॅही घरातच होता, पुढच्या खोलीत, उघड्या शवपेटीत. अंगात ठेवणीतला सूट. भोवती शेजारीपाजारी खुर्च्यांवर बसून गुरांच्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होते. कोणी चक्क हसतही होतं. इकडच्या मयताच्या रिवाजांवर मैथिलीनं पानंच्या पानं वाचली होती. तरी ती बाईंच्या मागोमागच आत शिरली.

“ही मैथिली,” बाईंनी सगळ्यांना सांगितलं. “आपल्या यादवीवर लिहितेय. बरोबर कोण होतं, ते हिला ठाऊक आहे.”

माना वळल्या. मैथिलीनं बाईंकडे रागानं पाहिलं. बाई खुर्ची शोधत होत्या.

मार्टिनची लेक मोरा चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. दाराशी एक म्हातारा उभा होता, बुटांना ओली माती. मोरानं त्याच्यापुढे ट्रे धरला.

“नको. आभारी आहे,” तो म्हणाला.

मोरानं आग्रह केला नाही. मान खाली घालून ती पुढे सरकली. मैथिलीला नवल वाटलं. या देशात चहा हातात घेईपर्यंत पाहुण्याची सुटका नसते.

ट्रे तिच्यापुढे आला. चहा, सँडविच, केक.

मैथिलीचा हात पुढे होईना. समोर मयत, आणि खायचं?

“नको,” तिच्या तोंडून गेलं. “आभारी आहे.”

खोलीतल्या गप्पा थांबल्या.

“तूसुद्धा?” मोरानं ट्रे तसाच धरून विचारलं. “म्हणजे तूही डर्कनांच्या बाजूची?”

मैथिलीला काही उमजेना. ती बाईंकडे वळली. बाईंचं तोंड सँडविचनं भरलेलं होतं.

“तो दारातला कोलमन डर्कन,” मोरा म्हणाली. “आमचा शेजारी. मध्ये फक्त एक दगडी कुंपण. माझ्या आजोबांनी करार मानला, याच्या बापानं नाही मानला. तेव्हापासून त्यांच्याकडचं माणूस गेलं की कबर आम्ही खणतो, आमच्याकडचं गेलं की ते. आजही यानंच खणली. पण चहा? एकमेकांच्या घरचा घोटभर चहा कुणी घेतलेला नाही. ‘नको, आभारी आहे.’ हेच शब्द, शंभर वर्षं. आणि आता तू, सगळं वाचून आलेली...”

सगळी खोली मैथिलीकडे पाहत होती. पेटीतला मार्टिन तेवढा डोळे मिटून होता.

“नाही हो, तसं नाही!” ती घाईघाईनं म्हणाली. “आमच्याकडे... मयताच्या घरी चूल पेटत नाही. मयत उठेपर्यंत घरची माणसं उपाशी असतात. मग पाहुण्यानं कसं खायचं? म्हणून नको म्हटलं. दुसरं काही नाही, शपथ.”

“मग घरचे खातात काय?” कोपऱ्यातून एका शेजारणीनं विचारलं.

“नंतर शेजारी घेऊन येतात. पिठलं-भाकरी. आम्ही त्याला कडू घास म्हणतो. तो खावाच लागतो.”

“आणि शेजाऱ्याशी भांडण असलं तर?”

हा प्रश्न दारातून आला होता. कोलमन डर्कननं विचारला होता.

मैथिलीला नारायणगावचं घर आठवलं. आजी गेली तो दिवस. बांधावरून तिच्या वडिलांचं आणि शेजारच्या चुलत चुलत्याचं कोर्टकज्जापर्यंत गेलेलं, तोंड बघणं बंद. त्या दिवशी चुलती भाकऱ्यांचं टोपलं घेऊन ओट्यावर आली. वडील उठले आणि त्यांनी पाट मांडला.

“तेव्हा ते कोणी काढत नाही,” ती म्हणाली.

“कज्जा मिटतो?”

“नाही. आमचा अजून चालू आहे.”

कोलमननं मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवली आणि तो बाहेर पडला.

खिडकीतून तो कुंपण ओलांडताना दिसला.

“गेला,” कोणीतरी म्हणालं. “आता प्रार्थनेलासुद्धा थांबला नाही.”

मोरानं ट्रे खाली ठेवला. मैथिलीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शंभर वर्षांत कबरीपुरतं जे टिकलं होतं, तेही आपण एका वाक्यात मोडलं. बाईंनी दुसरं सँडविच उचललं...

दार उघडलं.

कोलमनच्या हातात फडक्यात गुंडाळलेला पाव होता. एकट्या म्हाताऱ्यानं घरी भाजलेला. त्यानं तो टेबलावर ठेवला.

“शेजारचं आहे,” तो म्हणाला.

...

मोरानं सुरी घेतली. एक काप कापला आणि उभ्याउभ्या खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. मग तिनं कप भरला.

“दूध?” तिनं विचारलं.

डर्कन चहात दूध घेतात की नाही, हे फॅहींच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“थोडंसं,” कोलमन म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

सगळ्या खोलीनं एकदमच श्वास सोडला. मागून कोणीतरी म्हणालं, “मार्टिन, लेका, थोडा थांबला असतास तर!” आणि हसू फुटलं. मोराही हसली. पाव हातोहात फिरला. मैथिलीच्या वाट्याला कडेचा तुकडा आला. तिनं तो खाल्ला आणि वर दोन कप चहा प्यायली. कित्येक दिवसांत तिला इतकी भूक लागली नव्हती.

*

परतताना गाडीत मैथिलीला छातीवरचा दगड कोणी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. पण सवय जाते कुठे?

“बाई...”

“हं.”

“बरोबर कोण होतं, ते अजून कळलं नाही.”

बाईंनी गाडी कडेला घेतली. समोरून मेंढरं येत होती. ती जाईपर्यंत दोघी थांबल्या.

“पाव कसा होता?” बाईंनी विचारलं.

मैथिलीला हसू आलं. “खालून पार करपलेला.”

“कोणी तसं बोललं?”

“...नाही.”

बाईंनी गाडी सुरू केली.

“आता हेच लिही, आणि शुक्रवारी ये,” त्या म्हणाल्या. “सही करते.”