पंचवीस एके
कोकणातल्या एका गावी भार्गवशास्त्र्यांची गणिताची पाठशाळा होती. एके सकाळी देवळात हार गुंफणारी म्हाळसा दारात येऊन म्हणाली, “शास्त्रीबुवा, मलाही शिकायचंय.”

शिष्य हसले. शास्त्र्यांनी फळ्यावर ओळीने पंचवीस एके काढले. “एक आणि ही संख्या सोडून, हिला निःशेष भागणारी दुसरी संख्या सांग, मग खुशाल बस. अशी संख्या नाहीच. मी भागून पाहिलंय.”

खरं तर एकतीसपर्यंत भागून त्यांनी कंटाळून लेखणी ठेवली होती.

म्हाळसेने दर पाच एक्यांनंतर उभी रेघ मारली. “हे पाच गट झाले. प्रत्येकात अकरा हजार एकशे अकराच आहेत, मागे शून्यं कितीही असोत. त्याच संख्येने प्रत्येक गट भागला जातो, तर सगळी ओळही जाणारच.”

“पण एकतीसपर्यंत तर मी...” शास्त्री बोलून गेले.

“बुवा, तुम्ही दमलात म्हणून आकडे थोडेच संपतात?”

शास्त्र्यांचे कान तापले. ही संख्या अविभाज्य म्हणून त्यांनी कित्येक वर्षं शिष्यांकडून घोकून घेतली होती. मान खाली घालूनच ते आसनावरून उठले.

“मी शिकवलेलं पुसून टाका,” ते शिष्यांना म्हणाले, “आणि बाई सांगतात ते लिहून घ्या.”