काठीचं पाणी

फार जुनी गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कुणाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

तिथे एका टेकडीच्या अलीकडे समुद्र होता आणि पलीकडे नदी. गाव समुद्राकडचं. विहिरींचं पाणी खारट, म्हणून बाया रोज टेकडी ओलांडून नदीचं गोडं पाणी डोक्यावरून आणत. पुरुष ते पीत.

राजाच्या फौजेतला एक शिपाई चाकरी सुटून घरी आला. कमाई थांबली. पावसाळ्याआधी मासे धरून सुकवले नाहीत तर पुढे खायचं काय, हा प्रश्न होता. आणि त्याने जन्मात गळ हातात धरला नव्हता.

गावात गळ करणारी एक म्हातारी होती. आकड्याला पिसं बांधून ती खोटी माशी करायची. मासा फसायचा आणि झडप घालायचा.

शिपाई तिच्याकडे गेला. तिने गळाच्या दोन काठ्या पुढे ठेवल्या. "ही बारीक, नदीची. दोरी हलकी, माशी एवढीशी, पाण्यावर अलगद उतरते. ही जाड, समुद्राची. आकडा न् दोरी ओवायच्या कड्या पितळेच्या, गंजत नाहीत. नवा आहेस, एकच घे आणि एकच पाणी शीक."

"आजी, दोन्हीकडे चालेल अशी दे की."

"आहे, मधली. पण तिचा आकडा न् कड्या लोखंडाच्या. समुद्रावरून आलास की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी लागते. घरी पाणी कोण भरतं?"

"बायको."

"मग तिला विचारून ये."

"काठी माझी. तिला काय विचारायचं?" असं म्हणून तो काठी घेऊन गेला.

हळूहळू मासे मिळू लागले. समुद्रावरून आला की तो अर्धा हंडा काठीवर ओतायचा. बायकोची एक खेप वाढली. मान धरली. शेवटी ती म्हणाली, "अहो, माणसांचं पाणी मी भरीन. काठीचं तुम्ही भरा."

"मी हंडा घेऊन बायांच्यात जाऊ? गाव हसेल."

"मग गंजू दे."

त्याने गंजू दिली.

पावसाच्या तोंडावर एक मोठा रावस गळाला लागला. सुकवला असता तर घराला कितीतरी दिवस पुरला असता. काठी वाकली, गंजका आकडा मधोमध तुटला, रावस गेला.

शिपाई तरातरा म्हातारीकडे आला. "तुझी काठी खोटी आहे."

म्हातारीने कडीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "काठी खरी आहे. मीठ तुझं आहे. जा, आता तरी बायकोला घेऊन ये."

बायको आली. तिने नदीची आणि समुद्राची, दोन्ही काठ्या हातात धरून पाहिल्या. "नदीची द्या. जाताना हंडा नेतील, येताना भरून आणतील."

त्या पावसाळ्यात त्या घरात बोटाएवढेच मासे शिजले, तेही पुरवून पुरवून. शिपाई खांद्यावर हंडा घेऊन टेकडी उतरायचा. गाव हसलं, मग कंटाळलं.

वस्तू निवडण्याआधी, तिची उस्तवार ज्याच्या डोक्यावर बसणार त्याला विचारावं.