न पाहिलेला मालक

१९३४ सालचा ऑक्टोबर. वसईत भात पिवळं झालं होतं आणि रविवारी तिथल्या ख्रिस्ती गावकऱ्यांचा आगेरा होता, म्हणजे नव्या लोंब्या मिरवत देवळात नेण्याचा सण. देवळाची वाट मोरोबाशेठच्या वाडीतून जायची, आणि शेठच्या हुकमानं फाटकाला कुलूप लागलं होतं. दुसरी वाट खाडीतून होती, ती म्हाताऱ्यांना झेपणारी नव्हती.

त्या दिवशी शेठ मुंबईहून पहिल्यांदाच वाडी पाहायला आले. फाटक उघडा म्हणून गावकरी टांग्याभोवती जमले, तेव्हा शेठ टांग्यात बसूनच म्हणाले, “तुमचा देव पाहिलाय का कोणी? मला पटेल असं सांगा, या हातानं कुलूप काढतो.”

वीस वर्षं वाडीला पाणी देणारा म्हातारा बस्त्याव पुढे आला.

“शेठ, तुम्हाला तरी कोणी पाहिलं होतं? केळीच्या सरळ ओळी बघून कळायचं, याला मालक आहे. मुकादमाच्या निरोपातून कळायचं, मालकाला काय हवंय. आज स्वतः आलात, तेव्हा तोंड दिसलं. आमच्या देवानं तसंच केलं. आधी सृष्टी दाखवली, मग संदेष्टे धाडले, शेवटी स्वतः आला.”

“म्हणजे माझ्यासारखाच की!” शेठ हसले.

“नाही शेठ. तो टांग्यातून खाली उतरला. सुताराच्या घरी राहिला, कोळ्यांच्या पंगतीला जेवला. म्हणून त्याला आम्ही ओळखतो. तुम्हाला अजून नुसतं पाहिलंय.”

मुकादमानं जीभ चावली.  शेठ टांग्यातून खाली उतरले, मुकादमाकडून किल्ली मागून घेतली, चिखल तुडवत फाटकापाशी गेले आणि आपल्या हातानं कुलूप काढलं.