व्हॅनच्या पत्र्याचे दोन तुकडे

हमरस्त्याच्या एका फाट्यावर केरबा नावाचा डेंटर राहायचा. गाडीला पोचा आला की लोक त्याच्याकडे यायचे. हातोडी आणि ठोकळा घेऊन तो पोचा असा काढायचा की गाडी नक्की कुठे धडकली होती, हे मालकालाच आठवावं लागे. पण पत्रा गंजून भोक पडलं असेल, तर केरबाचा हात थांबायचा. पत्रा जोडायला वेल्डिंगचं मशीन लागतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

बरीच वर्षं राबून यंदा त्याने पैसे साठवले होते. त्यात एकच मशीन येणार होतं, दुसऱ्यांदा चूक दुरुस्त करायला काही उरणार नव्हतं. खंडेनवमीला त्या मशीनची पूजा करायची, असं त्याने मनाशी ठरवलं. फाट्याची तशी रीतच होती. त्या दिवशी सगळे गॅरेजवाले आपली अवजारं धुऊन पुसून दारात मांडत, त्यांना झेंडूच्या माळा घालत, आणि लोक बत्तासे खात एकेकाचं दार बघत फिरत. केरबाच्या दारात दरवर्षी हातोड्याच असायच्या. लोक त्यांच्याकडे एकदा बघत, बत्तासा उचलत आणि पुढे जात. केरबाला ते मनातून फार लागायचं.

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात शकीला मुजावर आपली व्हॅन घेऊन आली. ती रोज नऊ मुलांना शाळेत पोचवायची. मागच्या सीटखालच्या पत्र्याची गंजून पार चाळण झाली होती.

"केरबादादा, दसऱ्यानंतरच्या सोमवारी पासिंग हाय," ती म्हणाली. "ही भोकं बघितली की सायेब गाडी उभीच करत्यात. मग मी चालवू काय?"

"मशीन आणतोय. पयली तुझीच गाडी," केरबाने शब्द दिला, सडलेला पत्रा कापून काढला आणि तोवर मुलांच्या पायाखाली जाड फळी टाकून दिली.

दुकानात जायच्या दिवशी त्याची बायको हिरा म्हणाली, "अवो, मी मॅचिंगला जाते तवा ब्लाऊजपीस संगं नेते का न्हाई? तुमीबी त्या पत्र्याचे तुकडे न्या की." केरबा हसला. पण कडेचे चांगले राहिलेले दोन तुकडे तिने पिशवीत टाकलेच आणि त्यांच्यावर पैशांचं पुडकं ठेवलं.

तालुक्याच्या दुकानात लोखंडी गेट बनवणारे चार-पाच जण बसले होते. शेठने एका पिवळ्याधमक मशीनवर थाप मारली. "चारशे अँपिअर. याच्यावर पूल बांधा." त्याने दोन जाड पट्ट्या जोडून दाखवल्या. वेणी घातल्यासारखा सुबक जोड आला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

केरबाच्या डोळ्यांपुढे खंडेनवमी उभी राहिली. हे मशीन दारात ठेवलं तर बत्तासे संपले तरी लोक हलणार नाहीत. चारचौघांत एवढासा पत्रा काढायची त्याला लाज वाटली. खोटं कशाला सांगायचं, त्याने पैशांचं पुडकं बाहेर काढलंसुद्धा. त्याखालचे तुकडे बोटांना लागले. नऊ मुलांची पावलं रोज टेकायची ती याच पत्र्यावर. केरबाने पुडकं परत ठेवलं आणि तुकडे बाहेर काढले.

"शेठ, करंट कमीत कमी करा अन् ह्येच्यावर मारून दावा."

"दादा, हत्तीकडनं सुईत दोरा ओवून घेताय व्हय?" गेटवाल्यांपैकी एक जण म्हणाला. सगळे हसले.

शेठने बटण शेवटपर्यंत मागे फिरवलं. ठिणगी पडली आणि पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. "पत्राच सडका आहे तुमचा," शेठ म्हणाला.

"ह्यो कडंचा हाय, चांगला हाय. परत मारा."

दुसरं भोक पडलं. आता कुणी हसलं नाही.

"कमीत कमी करंटवर चालणारं मशीन कुठलं?" केरबाने विचारलं.

शेठने पिवळं मशीन बंद केलं. "जास्तीत जास्त किती, हे सगळे विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्याने कोपऱ्यातल्या खोक्यांखालून एक लहानसं मशीन ओढून काढलं. बारीक तार, घरच्या प्लगवर चालणारं. "शोभा नाही बघा याला."

केरबाने स्वतःच हातात घेतलं. एक टिपका मारला, पत्रा निवू दिला, मग जरा लांब दुसरा मारला. दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट चिकटले. त्या मशीनचे सुटे भाग याच दुकानात मिळतात, हे विचारून त्याने तेच घेतलं. वाचलेल्या पैशांत वेल्डिंगला लागणाऱ्या गॅसचा रेग्युलेटर आला आणि डोळ्यांसाठी चांगला मास्कही.

खंडेनवमीला लोक आले. त्यांनी ते एवढंसं मशीन बघितलं, बत्तासा उचलला आणि पुढे गेले. केरबाला वाईट वाटलं. वाटायचंच. हिराने ताटात आणखी बत्तासे ठेवले.

दसरा झाला आणि केरबाने व्हॅनला नवा पत्रा बसवला. टिपक्याला टिपका जोडत त्याने दोन दिवस घेतले. सोमवारी साहेबांनी सीटखाली वाकून स्क्रू ड्रायव्हरने जोड टोचून बघितला. तो कुठेच आत गेला नाही.

संध्याकाळी शकीला मुलांना घेऊन थेट केरबाच्या दारात आली. मुलं गाडीत उभी राहून नव्या पत्र्यावर पाय आपटत होती आणि पत्रा जरासुद्धा हलत नव्हता. पासिंग झालं म्हणून शकीलाने गाडीला माळ घातली होती. ती तिने काढली आणि त्या लहानग्या मशीनला घातली. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता.

दुकानातले ते दोन तुकडे अजून त्याच्या भिंतीवर टांगलेले आहेत, भोकांसकट. फाट्यावर कुणाला मशीन घ्यायचं असलं की तो आधी केरबाकडे येतो. केरबा त्याला एवढंच विचारतो, "काम कसलं हाय तुझं? त्याचा तुकडा घेतलास का संगं?"

तात्पर्य: नवं अवजार घेताना चारचौघांत ते किती मोठं दिसेल हे बघू नये; आपल्या हातातलं काम त्याने होईल का, एवढंच बघावं.